स्वर्गाचे नागरिक

स्वर्ग म्हणजे केवळ मरणानंतरच्या विसाव्याचे स्थळ, असे आपण पुष्कळदा समजतो. परंतु प्रेषित पौल फिलिप्पैकरांस (3:20) असे शिकवितो की, विश्वासणारे आजच स्वर्गाचे नागरिक आहेत. फिलिप्पै नगर मासेदोनियात होते. तथापि ती रोमी वसाहत असल्यामुळे तेथील नागरिक रोमपासून दूर राहूनही रोमचाच कायदा पाळीत. म्हणून हा बोध त्यांस सहज उमगण्याजोगा होता.

आपणही आपापल्या गावी राहून स्वर्गाचा कायदा पाळतो काय? योहानाने दर्शनात (प्रकटीकरण 7:9) सर्व वंशांचा व भाषांचा अगणित समुदाय एकाच राजासनापुढे उभा असलेला पाहिला. तेथे कोणाची पंगत निराळी नव्हती. मग प्रभुभोजनास आपण पूर्वीची जात पाहून बसावे काय? बंधूच्या हातच्या प्याल्याचा ज्याला विटाळ वाटतो, त्याला स्वर्गातील सहवास कसा रुचेल?

स्वर्ग आपल्या पुण्याईने मिळत नाही. तो ख्रिस्ताच्या कृपेचे दान आहे. ज्यांस हे दान सारखेच मिळाले, त्यांनी एकमेकांस दूर बसवू नये. येत्या प्रभुवारी आपण अंतर सोडून जवळ बसू या. प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो. आमेन.