काम बंद करणारा हात

माणूस कामावर असेतो तो ‘कामगार’ आहे का, हे कुणी विचारत नाही. प्रश्न निघतो तो काम गेल्यावर. नोटिशीचा पगार, साठलेली रजा किंवा भरपाई मागायला तो दारात उभा राहिला की आतून उत्तर येतं: तुम्ही आमचे नोकर नव्हताच, तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार. पूर्वी हे कचेरीत ऐकावं लागायचं, आता मोबाइलवर कळतं. ‘आयडी ब्लॉक झाली’ हे डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचं वाक्य म्हणजे ‘कामावरून काढलं’ याचंच नवं रूप.

नोकर ओळखण्याची जुनी इंग्रजी कसोटी सरळ होती. काय करायचं एवढंच धनी सांगतो, की कसं करायचं तेही? ‘कसं’ हेही तोच सांगत असेल तर नोकर, नाहीतर कंत्राटदार. घरातला गडी आणि अंगावर काम घेणारा गवंडी यांच्यात फरक करायला ती पुरत होती.

सौराष्ट्रातल्या ध्रांगध्राच्या मिठागरात मात्र ती अडखळली. तिथल्या अगरियांना, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांना, हजेरीपट नव्हता, कामाचे तास नव्हते. पैसे मणावर मिळत आणि मदतीची माणसं ते स्वतः आणत. कंपनी म्हणाली, हे कंत्राटदार. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये त्यांना कामगार ठरवलं. ते स्वतः राबत होते आणि खाऱ्या पाण्याचं मीठ होईपर्यंत टप्प्याटप्प्याला कंपनीची माणसं देखरेख करत होती. देखरेख किती हवी, हे धंद्याच्या स्वरूपावर ठरतं, असं न्यायालयाने मानलं.

तरीही कसोटी डळमळीतच होती. नागपूरच्या एका विडी कारखान्यात कामगार वाटेल तेव्हा येत-जात, पण दुपारी बारानंतर आलेल्याला काम मिळत नसे आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढल्या जात. न्यायालयाने त्यांना कामगार म्हटलं. पुढे वर्षभरातच महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या विडी कामगाराचं प्रकरण त्याच न्यायालयात पोहोचलं. त्याला कामावरून कमी केलं होतं आणि मागणी रजेच्या पैशांची होती. तंबाखू मालकाचा, पान मालकाचं, पैसे हजारी हिशेबाने. तरी बहुमताने निकाल विरुद्ध गेला: त्याच्या कामावर मालकाचा पुरेसा ताबा नाही, म्हणून तो कारखाना कायद्यातला कामगार नाही. विडी तीच, वळणारा हातही तसाच, निकाल मात्र उलटा.

या घोळातून वाट काढली संसदेने. १९६६च्या विडी कामगार कायद्याने, मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारी बाईही कामगारांत धरली. सहा महिने काम केलेल्याला सबळ कारणाशिवाय आणि महिन्याच्या नोटिशीशिवाय किंवा तितक्या पगाराशिवाय काढता येणार नाही, असंही सांगितलं. छाटीचा, म्हणजे नापसंत विड्यांचा, तंटाही कायद्याच्या कक्षेत आला. ताबा किती, हे आता मोजत बसायला नको होतं.

न्यायालयाच्या विचाराने खरी कूस बदलली १९७८ मध्ये. कोझिकोडच्या दोर कारखान्यातल्या २९ कामगारांना काम नाकारलं गेलं. मालक म्हणाला, ही तर कंत्राटदाराची माणसं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कागद बाजूला सारून विचारलं, कामगाराचं पोट कुणाच्या हाती? ज्याने हात आखडला की कामगाराची चूल विझते, तोच मालक. हुकूम देणाऱ्यावरची नजर आता काम तोडू शकणाऱ्यावर गेली.

अॅपच्या धंद्यात तर दोन्ही कसोट्या लागू पडतात. ऑर्डर कुणाला द्यायची आणि दर काय, हे अॅप ठरवतं. गिऱ्हाइकाच्या तारका मोजतं आणि एका क्षणात आयडी बंदही करतं. छाट काढणारा मुकादम निदान समोर तरी दिसायचा. तरीही २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा ‘गिग’ कामगाराला पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा म्हणूनच नाव दिलं. त्याच्यासाठी कंपनीने उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा द्यावा, अशी तरतूद केली. कल्याण निधी मिळाला, पण काढून टाकण्याविरुद्धचं संरक्षण मिळालं नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस मागितली, हे पाऊल योग्य दिशेचं आहे.

मला ही वाट उलटी चाललेली वाटते. सत्तर वर्षांपूर्वी न्यायालय हजेरीपट नसलेल्या अगरियात कामगार शोधत होतं. आज क्षणाक्षणाची हजेरी कंपनीकडे नोंदलेली असताना आपण डिलिव्हरी करणाऱ्याला ‘पार्टनर’ म्हणतो. भागीदाराला कुणी न विचारता बंद करत नाही. ज्याच्या एका बोटाने दुसऱ्याचं काम थांबतं तो मालक, आणि थांबवण्याचं कारण सांगणं त्याला भाग पडलंच पाहिजे.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. आपण कामगार होतो, हे सिद्ध करायची जबाबदारी बहुधा काढलेल्या माणसावरच येते, आणि त्याचा सगळा पुरावा त्याच बंद पडलेल्या अॅपमध्ये असतो. तेव्हा कमाईचे हिशेब, दंडाचे मेसेज, बँकेतल्या जमा नोंदी आजच जपून ठेवा. आयडी चालू आहे, तोवरच.