भूक गेली, वासना राहिली

रात्रीचे सव्वाअकरा वाजलेत. घरातले सगळे झोपलेत. स्वयंपाकघरात दिवा न लावता मी उभी आहे आणि भडंगाच्या डब्याचं झाकण आवाज न करता कसं उघडावं याचा विचार करते आहे. स्टीलच्या डब्याचं झाकण दोन्ही अंगठ्यांनी एकदम वर ढकललं की टक् असा आवाज होतो. एका बाजूने हळूहळू सैल केलं तर होत नाही. शेहेचाळीस वर्षांची, एकवीस वर्षं बँकेत नोकरी केलेली, जिच्या जठराचा बराचसा भाग डॉक्टरांनी कापून काढलाय अशी एक बाई हे करत असते. मला भूक लागलेली नसते. इथे 'भूक नव्हती' हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे, आणि या लेखाचा विषयही तोच आहे.

माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हा माझं वजन ११८ किलो होतं. मधुमेह होता, गुडघे बोलत होते आणि झोपेत श्वास अडकायचा. ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. त्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी एक अरुंद नळी तेवढी मागे ठेवतात. पोटात जागा कमी होते हे सगळ्यांना कळतं. दुसरी गोष्ट मला आधी नीट कळलेली नव्हती. जठराचा वरचा फुगीर भाग कापला जातो, आणि घ्रेलिन नावाचं भूक चाळवणारं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधून काढलं. म्हणजे माझं वय वीस-बावीस होईपर्यंत, मला सारखी भूक का लागते याच्या उत्तरातला हा शब्द जगात कुणालाच माहीत नव्हता. तोवर उत्तर एकच होतं: हावरटपणा.

ऑपरेशननंतर आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की मला भूक लागत नाहीये. कमी लागते असं नव्हे, लागतच नाही. घड्याळ बघून, गजर लावून मी चार चमचे डाळीचं पाणी प्यायचे. पुढच्या सहा-सात महिन्यांत मी बारशी, मुंजी, एक साखरपुडा आणि दिवाळी पार पाडली आणि समोर आलेलं ताट सहज बाजूला सारलं. लोक म्हणाले, "काय संयम आहे हो!"

संयम कसला? संयम म्हणायचं तर आवरायला काहीतरी हवं. माझ्यापुढे आवरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उलट पस्तिसाव्या वर्षी मी चार महिने दोन भाकऱ्या आणि पालेभाजीवर काढले होते. रात्री पोटात आग पडायची, तेव्हा पाणी पिऊन कुशीवर वळायचे. चौदा किलो उतरले आणि वर्षाच्या आत सतरा चढले. तेव्हा कुणी संयमाचं नाव काढलं नाही. 'सोडलंस वाटतं डाएट?' एवढंच विचारलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा संयम मी दाखवला तो शंभरच्या वर वजन असताना, आणि सगळ्यात जास्त कौतुक झालं ते काहीच आवरावं लागत नव्हतं तेव्हा. तेव्हापासून 'इच्छाशक्ती' हा शब्द ऐकला की मी जरा सावध होते.

आठ-नऊ महिने झाले आणि ते परत आलं. भूक परत आली असं म्हणवत नाही, कारण पोटात काही होत नव्हतं. तोंडात होत होतं, डोक्यात होत होतं. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. आजारी माणूस म्हणतो, 'अन्नावरची वासनाच उडाली.' भूक पोटाची असते, वासना माणसाची. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून आपण कावळ्याची वाट बघतो. कावळा शिवला नाही की कुणीतरी हळूच विचारतं, 'काही राहिलं होतं का त्यांचं?' मग भजी, बुंदीचा लाडू, चहा, जे आवडायचं ते आणून ठेवतात. ज्याचं अख्खं शरीरच जळून गेलंय त्याची भज्यांची इच्छा मागे राहिली असेल, हे आपल्याला मुळीच विचित्र वाटत नाही. मग पोटाचा एक तुकडा गेल्यावर माझी भडंगाची इच्छाही जाईल असं मला का वाटलं? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हेच सांगितलंय: जेवण सोडणाऱ्याचे विषय सुटतात, गोडी सुटत नाही. ती सुटायला त्याहून मोठं काही दिसावं लागतं. मला तसं काही दिसलेलं नाही. मी सांगलीची आहे. मला लसूण आणि तिखट लावलेले चुरमुरे दिसतात.

यात शरीराची एक लबाडीही आहे. पोळी, पनीर, उकडलेलं अंडं माझ्या नळीत अडतं. चार घासांत छाती भरून येते आणि थांबावंच लागतं. चुरमुरे, वेफर, बिस्किटं, आइस्क्रीम मात्र अडत नाहीत. ती विरघळतात आणि सरकतात. ऑपरेशनने मोठ्या दारावर पहारेकरी बसवला, पण वासनेला मागच्या बोळातली वाट माहीत होती.

अशा वेळी मला मिनेसोटातली माणसं आठवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं हे समजून घेण्यासाठी, अ‍ॅन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग केला. १९४४ च्या नोव्हेंबरात छत्तीस तरुण स्वखुशीने दाखल झाले. त्यानंतर सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. ते आपल्या विवेकाला स्मरून युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले लोक होते. सगळा देश एकीकडे असताना 'नाही' म्हणणारे. इच्छाशक्ती नावाचं काही असेल तर ते यांच्याकडे नक्की होतं. काही महिन्यांत हीच माणसं पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली, ताटं चाटू लागली. गप्पांत जेवणाशिवाय विषय उरला नाही. जिना चढताना दमायची, चिडचिडी झाली, एकेकटी बसून राहू लागली. एक-दोघांनी नियम मोडून चोरून खाल्लं. युद्धाला नाही म्हणू शकलेला माणूस ताटाला नाही म्हणू शकला नाही. यावरून ती माणसं दुबळी होती असं कुणी म्हणणार नाही. मग अंधारात डबा उघडणाऱ्या बाईबद्दल आपण ते इतक्या सहज का म्हणतो? मी स्वतःबद्दल तरी का म्हणते?

थकव्याचंही तेच. दुसऱ्या वर्षी मला असा थकवा आला की बँकेचा एक जिना चढून मी कठड्याला धरून उभी राहायचे. दुपारी तीनला डोळ्यांसमोरचे आकडे हलायचे. केसांचे पुंजके हातात यायचे. तपासणीत हिमोग्लोबिन ८.६ निघालं, लोहाचा साठा तळाला गेलेला आणि बी-१२ कमी. कारणं साधी होती. अन्नच थोडं जातं, जठरातलं आम्ल कमी झालेलं असतं, आणि बी-१२ शोषायला लागणारं प्रथिनही जठरच तयार करतं. शिवाय 'आता बरं वाटतंय' म्हणून मी सात महिने गोळ्या बंद ठेवल्या होत्या. ती चूक माझीच. सलाइनमधून लोह दिलं, इंजेक्शनं झाली, तरी पूर्ववत व्हायला चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत रविवारी दुपारी मी दिवाणावर आडवी पडायचे. सासूबाई पांघरूण घालायच्या, म्हणायच्या, "पड गं जरा, किती वाळलीस." याच दिवाणावर, याच वेळी, ऑपरेशनच्या आधीही मी पडायचे. तेव्हा त्याच म्हणायच्या, "पडून राहिल्यानं अंग सुटतं." सासूबाई वाईट नाहीत. त्या जगासारख्याच आहेत. पण तेव्हा माझ्या अंगावर आजच्यापेक्षा एक्केचाळीस किलो जास्त होते. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. त्याहून मोठं ओझं घेऊन मी ऑफिस, बाजार आणि स्वयंपाक करत होते, आणि रात्री श्वास अडकत असल्यामुळे झोपही धड मिळत नव्हती. तो थकवा हिमोग्लोबिनच्या थकव्याइतकाच खरा होता. एकाच बाईच्या एकाच दमण्याला आधी आळस आणि मग अशक्तपणा ही नावं मिळाली. मधल्या काळात बदलला होता तो फक्त तिचा आकार.

इथवर लिहिलं त्यात माझी बाजू चांगली दिसते. आता जे सांगायचंय त्यात ती तशी दिसत नाही.

बँकेत मी खोटं सांगितलं होतं. पित्ताशयात खडे आहेत म्हणून तीन आठवडे रजा घेतली. पोटावरची बारीक छिद्रं दोन्हीकडे सारखीच असतात, त्यामुळे खोटं पचलं. वजन उतरू लागल्यावर सगळे विचारू लागले. मी म्हणायचे, "सातच्या आत जेवते, रोज चालते, गोड बंद केलंय." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं लपवायला खऱ्या वाक्यांसारखी जागा नाही.

आमच्या शाखेत काउंटरवर एक मुलगी आहे, अठ्ठावीस-एकोणतीसची, माझ्यासारखीच जाड. एकदा साहेब सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "मॅडमकडे बघ. मनात आणलं तर सगळं होतं." मी समोरच बसले होते. हसले आणि पासबुकात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात काकडी आणि ताक. सगळे पोळी-भाजी खायचे, ती काकडी चावायची. तीन महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. दोनच किलो उतरले. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

तेव्हाही मी सांगितलं नाही. "हळूहळू होईल," म्हणाले. आणि त्या रात्री भरपूर भडंग खाल्लं.

हा प्रश्न मी खूप घोळवला. माझं शरीर, माझं ऑपरेशन. ते सांगायला मी कुणाला बांधील आहे का? नाही, आणि अजूनही मला तसंच वाटतं. आजार आणि उपचार ज्याचे त्याचे. पण मी नुसती गप्प बसले नव्हते. जे श्रेय माझं नव्हतं ते मी घेत होते, आणि ज्या दोषाखाली मी तीस वर्षं वाकले तोच दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर चढत होता. न कमावलेल्या श्रेयाची किंमत कुणालातरी भरावी लागते, आणि इथे ती काकडी खाऊन भरली जात होती.

आणखी चार महिन्यांनी मी तिला सांगितलं, बँकेबाहेर, चहाच्या टपरीजवळ. ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस स्वतःला उगाच शिव्या घातल्या." मी म्हणाले, "हो." माफी मागितली. चहा तसाच ठेवून ती निघून गेली आणि महिनाभर कामापुरतंच बोलली. तो राग बरोबर होता.

भूक किती लागावी हे माझ्या हातात नव्हतं, आजही फारसं नाही. वासना कधी उठेल तेही नाही. पण काही बारीकसारीक गोष्टी हातात आहेत आणि त्या करते. आधी अंडं, डाळ, पनीर, मग बाकीचं. पाणी जेवणाबरोबर नाही. गोळ्या रोज, रक्त दर सहा महिन्यांनी. दुपारचा डबा अर्धा टाकला की रात्री दुसरा डबा उघडतो हे आता मला माहीत झालंय, म्हणून दुपारचा डबा पूर्ण खाते. भडंगाचा एकच नियम आहे: दिवा लावायचा, वाटीत घ्यायचं, टेबलाशी बसून खायचं. कुणी उठून आलं तर येऊ दे. वाटी कधी एकदाच भरते, कधी दोनदा. दोनदा भरली तर नवऱ्याला सकाळी सांगते, आहारतज्ज्ञांना महिन्याच्या भेटीत सांगते. हा संयम आहे की नाही, मला माहीत नाही. लपवणं बंद झालंय एवढं खरं.

गेल्या महिन्यात ती मुलगी परत माझ्याशेजारी डबा घेऊन बसली. डब्यात पोळी-भाजी होती. थोड्या वेळाने ताटलीतून नजर न काढता तिने विचारलं, "भूक खरंच जाते का हो मॅडम?"

"भूक जाते," मी म्हणाले. "काही महिने तरी जातेच. खायची इच्छा जात नाही. आणि दमायला होतं, ते कुणी आधी सांगत नाही. ऑपरेशन करू नको असं मी म्हणत नाहीये. माझा मधुमेह गेला, रात्री झोप लागते. पण त्याने मी काही चांगली बाई झालेली नाही, आणि तुझ्यातही काही कमी नाही."

ती काहीच बोलली नाही. माझ्या डब्यातल्या उकडलेल्या अंड्याकडे बघत राहिली. मग तिने तिच्या डब्यातली बटाट्याची भाजी चमचाभर माझ्या झाकणात वाढली. मी ती सावकाश, चावून चावून खाल्ली.