थकवा म्हणजे आळस नव्हे



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या १६ आणि १७ या श्लोकांवर.

पहाटेचा अलार्म आपण बंद करतो, जप राहतो, आणि मग दिवसभर स्वतःला बोल लावतो : "माझी भक्तीच कमी पडते." पण खरंच तसं आहे का?

भगवंत अर्जुनाला सांगतात, फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, तसा सतत जागणाऱ्यालाही नाही. म्हणजे जेवण आणि झोप साधनेच्या आड येत नाहीत, ती साधनेतच धरलीत. रात्री दीडपर्यंत मोबाईल आणि वर साडेचारला उठायचा हट्ट, हे तप नाही, अतिरेक आहे.

पतंजलींनी योगसूत्रांत नऊ अडथळे मोजलेत. त्यात व्याधी पहिली, आणि आळस वेगळा, पाचवा. त्यांनी वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी आपण एक का करायच्या?

आळस काम सुरू केलं की बहुतेकदा ओसरतो, अशक्तपणा उलट वाढतो. पुरेशी झोप घेऊनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल तर डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड तपासायचं का, ते विचारा. मन सतत उदास असेल तर तेही सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यातल्या कितीजणी स्वतःला आळशी समजत असतील! जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, एवढी साधी गोष्टही आपण विसरतो. नामस्मरण जरूर करा, पण औषधाऐवजी नको.

आणि सगळं करूनही थकवा उरलाच तर? काहींचं दुखणं कायमचंच असतं. नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागतात. मोल भावाचं असतं. अंथरुणावर पडून घेतलेलं एक नामही मग कमी कसं ठरेल?

आजचा संकल्प : रात्री मोबाईल अर्धा तास लवकर बाजूला ठेवू. आणि घरातल्या कुणाला 'आळशी' म्हणण्याआधी एकदा विचारू, "बरं वाटतंय ना?"

राम कृष्ण हरी!