मित्राला नमस्कार छातीशी



ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी आपण एकमेकांना शांतीचे अभिवादन करतो. हात जोडतो, किंचित मान लववितो आणि क्षणार्धात पुन्हा वेदीकडे वळतो. त्या जोडलेल्या हातांचा अर्थ मात्र फार खोल आहे.

आपल्या देशात हातांना भाषा आहे. ध्यानाला बसलेला योगी अंगठा व तर्जनी जुळवून ज्ञानमुद्रा करतो. कान्हेरीच्या चैत्यगृहाबाहेर बुद्धाच्या भव्य मूर्ती उभ्या आहेत. त्यांचा उजवा हात खाली सोडलेला, तळवा आपल्याकडे उघडा. ही वरदमुद्रा, म्हणजे देणारा हात. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ व दोन्ही हातांच्या मिळून १३ मुद्रा सांगितल्या आहेत. त्यांतच आपला नमस्कार आहे. त्याचे नाव अंजली. देवाला अंजली मस्तकावर, गुरुजनांना मुखाजवळ आणि मित्राला छातीशी.

ख्रिस्तसभेनेही ही भाषा आपली मानली. १९६९ साली रोमने भारतातील उपासनेसाठी १२ बदलांना मान्यता दिली. शांतीचे अभिवादन अंजलीने किंवा आपले हात दुसऱ्याच्या हातांत ठेवून करता येईल, असे त्यांत ठरले.

आता थोडे थांबून विचार करू या. आपण छातीशी हात जोडतो, म्हणजे समोरच्याला मित्र म्हणतो. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला असे म्हणणे सोपे आहे. पण बांधावरून ज्या भावाशी बोलणे तुटले, वाटणीवरून ज्या बहिणीच्या घरची पायरी सुटली, तीही याच मंदिरात बसलेली असतात. त्यांच्याकडे पाहून हात जोडले जातात का? भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असल्याचे आठवले, तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने शिकविले आहे (मत्तय ५:२३-२४). मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन आधी आणि ख्रिस्तप्रसाद नंतर येतो, हेही ध्यानात घेऊ या.

जोडलेल्या हातांत काही धरून ठेवता येत नाही. दगड नाही, तसा जुना हिशेबही नाही. मिस्सा संपल्यावर मंदिराच्या आवारात एका तरी माणसापुढे जाऊन, मनातला राग सोडून, हे हात पुन्हा जोडू या. त्यासाठी लागणारे धैर्य प्रभू आपणां सर्वांना देवो.