शिट्टी कधी वाजवायची

बास्केटबॉलच्या मैदानावर शिट्टी दोन वेगळ्या कारणांनी वाजते. एक कारण नियमभंगाचे: चेंडू रेषेबाहेर गेला, ट्रॅव्हल झाले (चेंडू हातात धरून जास्त पावले पडली), डबल ड्रिबल झाले (टप्पे थांबवून पुन्हा सुरू केले), २४ सेकंदांत बास्केटकडे फेक झाली नाही. दुसरे फाऊलचे: एका खेळाडूचे अंग दुसऱ्याला नियमाबाहेर लागले. पहिल्या वेळी पंचांचा उघडा पंजा वर जातो, दुसऱ्या वेळी मूठ. नियमभंग नीट दिसला की पुरे असते. फाऊल मात्र पाहून झाल्यावर ठरवावा लागतो. ही विभागणी खेळाच्या जन्मापासूनची आहे. जेम्स नाईस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे लिहिलेल्या मूळ १३ नियमांत एक अधिकारी खेळाडूंवर लक्ष ठेवणारा होता आणि दुसरा चेंडू, रेषा व वेळ सांभाळणारा.

सोलापूर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला हा फरक पटकन उमगत नाही, कारण त्याची नजर खो-खोवर तयार झालेली असते. माळशिरस तालुक्यातले वेळापूर तर खो-खोसाठीच ओळखले जाते. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की उलटे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, बसलेल्या गड्याला खो मागूनच द्यावा लागतो. पाय पाटीवर पडला की फाऊल. त्याने समोरच्याचे काही बिघडले का, हा प्रश्नच उद्भवत नाही. या काटेकोरपणातच त्या खेळाची शान आहे. पण हीच नजर घेऊन बास्केटबॉल पाहायला बसणारा माणूस प्रत्येक धक्क्याला ‘फाऊल’ म्हणून ओरडतो आणि शिट्टी वाजली नाही की पंचांवर संशय घेतो.

दहा खेळाडू २८ बाय १५ मीटरच्या जागेत धावत असताना अंगाला अंग लागणारच. नियमाची त्याला हरकत नाही. ती जागा कोणाची होती, एवढेच नियम विचारतो. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य दंडगोल मानला जातो आणि त्यातली जमीन व त्यावरची हवा त्याची असते. आता ले-अपचा, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून केलेल्या फेकीचा, प्रसंग घ्या. आक्रमक झेपावतो, बचाव करणारा आडवा येतो, दोघे आपटतात. सगळ्या मैदानाचे डोळे झेपावणाऱ्यावर असतात. जाणता पंच त्या वेळी बचाव करणाऱ्याचे पाय पाहत असतो. तो समोर तोंड करून, दोन्ही पाय टेकवून, आक्रमकाचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी तिथे पोहोचला होता का? पोहोचला असेल आणि धक्का छातीवर बसला असेल तर चार्ज, म्हणजे आक्रमकाचा फाऊल. उशिरा आला असेल तर ब्लॉक, म्हणजे बचाव करणाऱ्याचा फाऊल. बचाव करणाऱ्याने खिळल्यासारखे उभेच राहायला हवे, हा समजही खरा नाही. एकदा जागा मिळवली की त्याला बाजूला किंवा मागे सरकता येते, हात वर करून सरळ उडी मारता येते. फक्त रिंगखालच्या १.२५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात उभे राहून हवेतल्या आक्रमकावर चार्ज मागता येत नाही. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. शिवाय दोन पंच असतात तेव्हा एक रिंगमागच्या रेषेवर असतो, दुसरा मागून येतो, आणि चेंडू एकाच्या भागात असताना दुसऱ्याने मुद्दाम चेंडूपासून नजर दूर ठेवायची असते. ‘तुमच्या समोर झालं, दिसलं नाही का?’ या ओरड्याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, म्हणजे फिबाचे, नियमपुस्तक याच्याही पुढे जाते. सहज झालेल्या, कोणालाही फायदा किंवा तोटा न देणाऱ्या स्पर्शासाठी खेळ तोडू नका, असे ते सांगते; आणि निर्णय देताना खेळाडूंची कुवत ध्यानात घ्या, असेही. चौदा वर्षांखालच्या सामन्यात तोल जाऊन झालेला स्पर्श आणि एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात कोपराने केलेली ढकलाढकली एका मापाने मोजायची नाही, हा त्याचा अर्थ. मात्र हे स्वातंत्र्य देताना पुस्तक सातत्याची अट घालते. पहिल्या मिनिटाला जो स्पर्श सोडला, तो शेवटच्या मिनिटालाही सोडायचा, आणि दोन्ही संघांना सोडायचा. कडक पंच खेळाडूंना चालतो, मोकळा पंचही चालतो. मध्येच बदलणारा चालत नाही.

घड्याळ, रेषा आणि गुण यांत असे स्वातंत्र्य नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची अंतिम लढत याचा सर्वांत कडवट पुरावा आहे. अमेरिका ५०-४९ ने पुढे असताना फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी उतरून घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावायला सांगितले. चालू सामन्यात तसा हस्तक्षेप करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला, ब्राझीलचे पंच रेनाटो रिगेटो यांनी गुणपत्रकावर सही केली नाही आणि अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत.

पावलांचा, म्हणजे ट्रॅव्हलचा, नियम या दोन टोकांच्या मध्ये अडकतो. ऑक्टोबर २०१७ पासून धावता धावता चेंडू घेताना जमिनीवर असलेला पाय मोजला जात नाही; त्यानंतरची दोन पावले चालतात. जुन्या सवयीने मोजणारा पंच इथे चुकतो, आणि या चुकीला मताचा आधार नाही.

सोलापुरात या बाबींना वजन आहे. शालेय स्पर्धेत महापालिका क्षेत्रातला किंवा जिल्ह्यातला विजेता पुणे विभागात खेळायला जातो. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण कोणत्या पातळीपर्यंत मजल मारली यावर ठरतात, आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अशा सामन्यात चित्रफीत मागे नेऊन पाहण्याची सोय नसते. फिबाच्या नियमांनुसार तक्रारही गुण, वेळ, पात्रता अशा गोष्टींवरच करता येते, तीही सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत पंचांना कळवून. चार्ज की ब्लॉक यावर नाही. म्हणजे ज्या निर्णयाला दाद नाही, तोच सर्वांत जास्त पंचांच्या विवेकावर सोडलेला आहे.

म्हणून आयोजकांनी दोन गोष्टी तरी कराव्यात: खेळणाऱ्या शाळेतल्या शिक्षकाच्या हाती त्या सामन्याची शिट्टी देऊ नये, आणि हंगामाच्या आधी पंचांबरोबर खेळाडू व पालकांनाही चालू वर्षाचे नियम एकत्र बसून समजावून सांगावेत.