कातीव लाकूड आणि निवडीचा न्याय

दहा वस्तूंमधून एक उचलली की उरलेल्या नऊ आपोआप नाकारल्या जातात. उचललेली वस्तू हातात राहते, म्हणून तिचे वजन जाणवते. नाकारलेल्या नऊंचे जाणवत नाही. बाजारात भाजी निवडताना याने फारसे बिघडत नाही. परंतु ज्या वस्तूमागे एखाद्या माणसाचे दिवस, डोळे आणि हात खर्ची पडलेले असतात, तिची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही, तिच्यात न्यायाचा प्रश्न शिरतो. कलादालनातील प्रदर्शनासाठी हातकामाचे कातीव लाकडी वाडगे निवडणे हे या प्रश्नाचे एक चांगले उदाहरण आहे. उदाहरण लहान असल्यामुळेच त्यातील प्रश्न स्पष्ट दिसतो.

‘कातीव’ हा शब्द आपण आज रेखीव चेहऱ्यासाठी सहज वापरतो. पण मुळात तो कातारी नावाच्या कारागिराचा शब्द आहे. फिरत्या लाकडाला धार लावलेली पटाशी भिडवून त्याला गोलाई देणारा तो कातारी. वाडगा कातणे हे दिसते तितके सोपे नसते. साधारणतः वाडग्याचे लाकूड असे धरलेले असते की, एका फेऱ्यात दोनदा तंतूंच्या कडा व दोनदा तंतूंची टोके धारेसमोर येतात. टोकांपाशी हात जरा चुकला तर लाकूड कापले न जाता उचकटते. म्हणून बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे आणि आतली काठाकडून तळाकडे कातायची, असा नियम पडला आहे. शिवाय ओले लाकूड वाळताना सर्व दिशांना सारखे आकसत नाही; गाभ्यापासून सालीकडे ते जितके आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वलयांच्या दिशेने आकसते. ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो तो यामुळे. हे टाळण्यासाठी कारागीर प्रथम जाड भिंतीचा ओबडधोबड वाडगा कातून ठेवतो, तो कित्येक महिने वाळू देतो आणि मग पुन्हा यंत्रावर चढवतो. वाडग्याच्या अंगी सौंदर्याइतकाच संयमही मुरलेला असतो, तो असा.

जाणता परीक्षक या साऱ्याचा माग काढतो. भिंतीची जाडी काठापासून तळापर्यंत कशी उतरत गेली आहे, हे तो बोटांच्या चिमटीत पाहतो. जिथे तंतू उचकटण्याचा संभव, नेमक्या त्या दोन जागा तो उजेडात धरतो. आणि सर्वांत शेवटी वाडगा उलटा करतो. पाहणाऱ्यांची नजर जिथे जाणार नाही, त्या बुडावर कारागिराने किती मन लावले आहे, हे तेथे कळते. इथपर्यंत प्रश्न कौशल्याचा आहे. नीतीचा प्रश्न यानंतर सुरू होतो.

१९७८ साली वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या रेनविक गॅलरीत कातीव वाडग्यांचे एक प्रदर्शन भरले. त्यात अवघ्या चार कारागिरांचे काम होते : एड मोल्थ्रोप, मेल्विन व मार्क हे लिंडक्विस्ट पितापुत्र आणि बॉब स्टॉक्सडेल. यांपैकी स्टॉक्सडेल यांचे चरित्र मोठे विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात सद्सद्विवेकाला स्मरून त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला. अशा नकार देणाऱ्यांसाठी जी शिबिरे उघडण्यात आली होती, तेथेच त्यांनी आपले पहिले वाडगे कातले. पुढे १९७२ मध्ये त्यांचा विवाह झाला तो के सेकिमाची या विणकर कलावतीशी. त्यांना १९४२ साली, मुलगी असतानाच, केवळ जपानी वंशाच्या म्हणून अमेरिकन सरकारने छावणीत ठेवले होते. या दांपत्याच्या कामाचे संयुक्त प्रदर्शन १९९३ मध्ये भरले. पतीच्या लाकडी वाडग्यांचा साचा म्हणून उपयोग करून पत्नीने कागदाचे वाडगे घडवले होते.

आता समजा, निवड समितीपुढे दोन वाडगे आहेत. कारागिरी तंतोतंत समान. एक आहे सद्सद्विवेकापायी किंमत मोजलेल्या माणसाचा, दुसरा अशा माणसाचा की ज्याच्याविषयी सांगण्याजोगे काही नाही, किंवा जे आहे ते सांगण्याजोगे नाही. पहिल्याला झुकते माप द्यावे काय? आपले अंतःकरण चटकन ‘होय’ म्हणते. संत थॉमस अक्वायनस मात्र आपल्याला क्षणभर थांबवतात. त्यांनी कला आणि विवेक यांत भेद केला आहे. कला म्हणजे जे घडवायचे त्याविषयीची योग्य बुद्धी. विवेक म्हणजे जे आचरायचे त्याविषयीची योग्य बुद्धी. कारागीर या नात्याने माणसाची प्रशंसा व्हावी ती त्याने कोणत्या इच्छेने काम केले यासाठी नव्हे, तर काम कसे उतरले यासाठी. सज्जनाचा वाडगा गळका असू शकतो आणि दुर्जनाचा घट्ट.

हा भेद मान्य केला की बॉब स्टॉक्सडेल यांचा वाडगा त्यांच्या त्यागासाठी निवडणे हा त्यांचाच अपमान ठरतो. त्यांनी युद्धाला नकार दिला तो माणूस म्हणून. वाडगा घडवला तो कातारी म्हणून. पहिल्या कृतीचा मोबदला दुसऱ्या कृतीच्या खात्यावर जमा करणे म्हणजे दोन्ही कृतींची किंमत कमी करणे होय.

परंतु विचार येथे संपत नाही. वाडगा कातणे ही कला असली तरी वाडगा निवडणे ही कला नव्हे. ती आचरणातील कृती आहे, आणि म्हणून तिला विवेकाचे व न्यायाचे नियम लागू होतात. प्रदर्शनातील जागा हे एक सामाईक धन आहे. ते वाटून द्यायचे असते. अशा वाटपात घडणाऱ्या एका पातकाला संत थॉमस यांनी स्वतंत्र प्रकरण दिले आहे : माणसाचे तोंड पाहून न्याय करणे. अध्यापकाची जागा एखाद्याला त्याच्या ज्ञानामुळे दिली, तर देण्याचे कारण त्या जागेशी सुसंगत आहे. तो अमुक पीटर किंवा मार्टिन आहे म्हणून दिली, तर तो पक्षपात. प्रदर्शनाच्या बाबतीत धनवान संग्राहकाचा स्नेही, प्रसिद्ध नाव, समितीतील कोणाचा शिष्य ही सारी विसंगत कारणे होत. आणि हृदयस्पर्शी चरित्र हेही, कटू वाटले तरी, त्याच पंक्तीत बसते. नावे झाकून वाडगे पाहण्याची रीत म्हणूनच केवळ सोय नव्हे, ती न्यायाची एक साधना आहे.

यावर एक सबळ आक्षेप आहे. वस्तू अशी माणसापासून वेगळी काढता येते काय? भेगेचेच उदाहरण घ्या. एका वाडग्याला भेग गेली आहे, कारण कारागिराने घाईने लाकूड वाळवले. दुसऱ्यालाही भेग आहे. पण ती लाकडात मुळातच होती आणि कारागिराने तिला धरून आकार बेतला. लिंडक्विस्ट पितापुत्रांनी तर बुरशीने पोखरायला घेतलेले, काळ्या रेषा उमटलेले लाकूड आवर्जून वापरले. इतरांनी जळणात टाकले असते ते त्यांच्या हाती चित्रासारखे झाले. मग हेतू जाणल्याशिवाय दोष आणि गुण यांत फरक कसा करायचा? याचे उत्तर असे की, ज्या हेतूचा येथे संबंध आहे, तो वस्तूतच उमटलेला असतो. भेगेपाशी काठ वळला आहे की नाही, भिंत जाड ठेवली आहे की नाही, हे वाडगाच सांगतो. कारागिराचे जे मन कामात उतरले, ते परीक्षकाने अवश्य वाचावे. जे उतरले नाही, त्याला त्याच्या जागी आदर द्यावा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. वाडगा खाण्यासाठी असतो. काचेच्या पेटीत ठेवून आपण त्याचे काय करतो? जपानी विचारवंत यानागी सोएत्सु यांनी अनामिक कारागिरांच्या रोजच्या वापरातील वस्तूंचे सौंदर्य जगासमोर मांडले आणि १९३६ मध्ये टोकियोत त्यांचे संग्रहालय उघडले. ‘किझाएमोन’ नावाच्या ज्या वाडग्याचा त्यांनी गौरव केला, तो लाकडी नव्हे, मातीचा. कोरियातील सामान्य माणसाच्या घरचे, विशेष कोणासाठी न घडवलेले ते भांडे. चहाविधीच्या रसिकांनी ते निवडले आणि आज ते क्योटोच्या मंदिरात राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले आहे. घडवणाऱ्याला याचा पत्ताही नव्हता, आणि यानागी यांच्या मते त्याचे सौंदर्य नेमके त्या अजाणतेपणात होते. याचा अर्थ असा की, निवड वस्तूला मान देते तशी कारागिराला भूलही घालू शकते. उद्या तो जेवणाऱ्यांसाठी नव्हे, परीक्षकांसाठी वाडगा कातू लागेल.

आपल्या घरातील लाटणे हेही कातकामच आहे. ते कोणी कातले हे आपण कधी विचारले नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे व खेळणी शतकभर घरोघर गेली. घडवणाऱ्या हातांची नावे फार थोड्यांना ठाऊक. असे काम बहुधा दुकानात मांडले जाते, दालनात नव्हे. म्हणून समितीसमोर जे वाडगे येतात त्यांच्यात न्याय करणे पुरेसे नाही; समोर कोणाचे काम आलेच नाही, ज्यांना अर्ज भरता आला नाही किंवा पाठवणीचा खर्च परवडला नाही ते कोण, हेही विचारणे न्यायाचाच भाग आहे. तोंड पाहून न्याय करू नये. पण जे तोंड दाराबाहेर राहिले, त्याचा शोध घ्यावा.

तेव्हा निवडणाऱ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा करता येईल. त्याने वस्तू हातात घेऊन, उलटी करून पाहावी. निवडीचे कारण त्याला मोठ्याने सांगता यावे. आणि ज्याचे नाकारले, त्याला मौनाऐवजी दोन खरे शब्द द्यावेत : भिंत तळाशी जाड राहिली, काठ उचकटला आहे, पुढच्या खेपेस पटाशीची धार पाहा. नकारातही कारागिराला कारागीर म्हणून वागवणे शक्य असते. शाळेतील चित्रकलेच्या स्पर्धेपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत, केव्हा ना केव्हा आपणा प्रत्येकाला परीक्षकाच्या खुर्चीवर बसावे लागते. त्या दिवशी टेबलावर वाडगे नसतील, पण टेबलापलीकडे कोणाचे तरी दिवस, डोळे आणि हात असतीलच.