आजचं चिंतन : वरून शिरणारं पाणी (गीता २.६७)



आज दुसऱ्या अध्यायातला ६७वा श्लोक. इंद्रियं विषयांत फिरत असताना मन ज्या एकाच्या मागे लागतं, ते एकच माणसाची प्रज्ञा ओढून नेतं, वारा पाण्यातली नाव नेतो तशी. ‘एक’ हा शब्द नीट बघा. पाचही बिघडावी लागत नाहीत.

माउलींनी ज्ञानेश्वरीत या श्लोकावर बोलताना नाव भर समुद्रात ठेवलेली नाही. ती काठाला लागत आलेली आहे आणि तिथे तिला वादळ गाठतं. लगेच पुढे ते म्हणतात की, पोचलेल्या माणसानेही सहज कौतुकाने इंद्रियांचे लाड केले, तर संसाराचं दुःख त्याला घेरतं. म्हणजे हा श्लोक ‘वाईट’ माणसांसाठी नाही. रोज सकाळी लोकलमध्ये हरिपाठ म्हणणाऱ्या तुमच्याआमच्यासाठी आहे.

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, ‘सगळं करतो हो, जप, वाचन, एकादशी. तरी संध्याकाळी घरी आलो की आईवरच ओरडतो. मग उपयोग काय?’ प्रश्न खरा आहे. ‘होईल हळूहळू’ म्हणून तो टाळू नये, कारण या प्रश्नावर येऊन बरेच जण जप सोडून देतात.

उत्तरासाठी माकुणसारच्या बाजूला चला. सफाळ्याला किंवा केळवे रोडला उतरलात की पश्चिमेला हा सगळा खाडी-समुद्राचा पट्टा, केळवे, दातिवरे, वर सातपाटी. १ जूनला मासेमारी बंदी लागते, होड्या वर ओढून ठेवतात आणि डागडुजी चालू होते. लाकडी होडीच्या फटीत तेलात भिजवलेलं कापसाचं सूत ठोकून बसवायचं, वरून लेप द्यायचा, ही जुनी रीत.

आपल्याला वाटतं, होडी गळते ती तळातून. पण पाण्याखालच्या फळ्या सतत भिजलेल्या असतात, त्या फुगतात आणि सांधे आपोआप आवळले जातात. त्रास देतो तो वरचा सांधा, जिथे होडीचं अंग संपतं आणि डेक सुरू होतो. तो कधी भिजतो, कधी कडक उन्हात सुकतो. शिवाय लाटेवर अंग एका तऱ्हेने हलतं, डेक दुसऱ्या. दोघांच्या ओढाताणीत सांधा सैल होतो. फायबरच्या होडीतही अंग आणि डेक वेगळे बनवून जोडतात, तिथेही हीच जागा नाजूक.

आपली साधना हे अंग समजा आणि दिवसभराचा व्यवहार हा डेक. जप चालू असताना मन भिजलेलं असतं, तिथे सहसा गळत नाही. गळतं ते माळ ठेवून मोबाइल उचलतो त्या मिनिटाला. ऑफिस सुटून घराची बेल वाजवतो त्या मिनिटाला. आईवरचा राग जपातल्या कमतरतेतून आला असं धरून आपण माळा वाढवतो, म्हणजे तळालाच आणखी सूत ठोकत बसतो!

अजून एक गंमत. या सांध्यातून समुद्राइतकंच पावसाचं गोडं पाणी शिरतं, आणि लाकूड कुजवण्यात खाऱ्यापेक्षा गोडंच वाईट. ‘तू किती धार्मिक रे’ हे चार लोकांचं कौतुकही गोडंच असतं. शिवी आपल्याला लगेच कळते, हे कळत नाही.

जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात, २३व्या अध्यायात, केशी आणि गौतम यांचा सुंदर संवाद आहे. केशी विचारतात, एवढ्या मोठ्या प्रवाहात तुमची नाव पार कशी जाणार? गौतम सांगतात, गळकी नाव पार जात नाही, न गळणारी जाते. शरीर ही नाव, जीव नावाडी, संसार समुद्र. जैन परंपरेत कर्म आत झिरपण्याला आस्रव म्हणतात आणि ते थांबवण्याला संवर. नुसतं पाणी उपसत राहिलात आणि फट तशीच ठेवलीत, तर हात दुखतील, होडी रिकामी होणार नाही.

फट शोधायची कशी? पाणी जिथे साचलेलं दिसतं तिथूनच ते शिरलेलं असतं असं नाही. म्हणून एकाने बाहेरून थोडं थोडं पाणी ओतायचं, खालून वर सरकत, आणि दुसऱ्याने आत बसून बघायचं. एकट्याने हे जमणं कठीण, सत्संग लागतो तो यासाठी. ‘मी कधी जास्त चिडतो?’ हे घरच्यांना विचारा. ऐकायला कडू लागेल, पण जागा अचूक सांगतील. आणि जुन्या, सुटलेल्या लेपावर नवा थापू नका. तो खरवडून, सांधा सुकवूनच नवा बसतो.

आज एवढंच करून बघा. माळ ठेवल्यावर दोन मिनिटं फोन नाही. घराची बेल वाजवण्याआधी दारात उभं राहून तीनदा नाम.

उद्या ६८वा श्लोक, त्याची सुरुवातच ‘म्हणून’ अशी आहे.

रामकृष्णहरी.